लोकलचे पास आणि पाण्याचा कोटा: नोकरदारांच्या प्रवासावरून शहराशहरांतली पाणीवाटणी कशी ठरवावी

प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवली, बदलापूर, विरार, दिवा इथून रोज लाखो माणसे मुंबई, ठाणे, ऐरोली, महापे इथे कामाला जातात. दिवसाचे दहा-बारा तास ती तिथलेच पाणी वापरतात. मग महानगर प्रदेशातल्या शहरांनी धरणांचे पाणी वाटून घेताना हा प्रवास हिशेबात धरावा का, आणि धरायचा तर कसा?

धरावा. पण पहिल्याच बैठकीत सुचतो तसा नाही. तिथे कोणीतरी हमखास म्हणते, माणूस अकरा तास बाहेर असतो, म्हणून त्याचे ११/२४ पाणी दुसऱ्या शहराच्या खात्यावर टाका. हे गणित चुकीचे आहे, कारण पाणी तासांच्या प्रमाणात वापरले जात नाही.

भारतीय मानक ११७२ चा हवाला देऊन दरडोई १३५ लिटरची फोड सर्रास दिली जाते: पिणे ५, स्वयंपाक ५, अंघोळ ५५, कपडे २०, भांडी १०, घराची साफसफाई १०, शौचालयाचे फ्लशिंग ३०. यातले नोकरदाराबरोबर काय जाते? अंघोळ घरीच होते. कपडे, भांडी, लादी घरीच. डबा घरून येतो, म्हणजे दुपारच्या जेवणाचे पाणीही घरीच खर्च झालेले असते. उरले फ्लशिंगचे निम्मे, पिण्याचे दोन-तीन लिटर आणि हात-तोंड धुणे. एकूण १८ ते २० लिटर धरा. त्यातही मे महिन्यात गर्दीच्या लोकलमधून उतरलेला माणूस घरी येऊन दुसऱ्यांदा अंघोळ करतो, तेव्हा ही बचतही पुरती पदरात पडत नाही.

कामाच्या ठिकाणचा आकडा वेगळा काढावा लागतो. सीपीएचईईओ या केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा-मलनिःसारण अभियांत्रिकी संस्थेच्या १९९९ च्या मॅन्युअलमध्ये कार्यालयासाठी माणशी ४५ लिटर, न्हाणीघर लागणाऱ्या कारखान्याला ४५ आणि न लागणाऱ्याला ३० लिटर दिले आहेत. हे आराखड्याचे आकडे आहेत, वापराचे नव्हेत. साध्या कार्यालयात स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी मिळून २५ लिटरच्या आसपास धरणे व्यवहाराला धरून होते. केंद्रीय वातानुकूलन असलेल्या इमारतीत मात्र कूलिंग टॉवर (यंत्रणेतले तापलेले पाणी गार करणारा गच्चीवरचा मनोरा) येतो. वातानुकूलन क्षमतेच्या एका टनामागे (टीआर) बाष्पीभवनात तासाला साडेसहा लिटर आणि ब्लोडाऊनमध्ये (क्षार साठू नयेत म्हणून सोडून द्यावे लागणारे पाणी) आणखी दोन-अडीच, म्हणजे सुमारे ९ लिटर जातात. दहा तास, सरासरी ६० टक्के भार आणि टनामागे अडीच माणसे धरली, तर माणशी २२ लिटर होतात. म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या इमारतीत स्वच्छतागृहाला जेवढे पाणी लागते, जवळजवळ तेवढेच गच्चीवर उडून जाते. हे पाणी पिण्याच्या दर्जाचे असण्याची गरज नाही. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर भागते. म्हणून कूलिंगची मागणी शहरांमधल्या वाटणीत घेऊच नये. ती ज्या शहरात आहे त्याने आपल्या मलप्रक्रिया केंद्रातून भागवावी.

आता एक उदाहरण. आकडे कल्पित आहेत, फक्त आवाका कळावा म्हणून. समजा १२ लाख वस्तीच्या निवासी शहरातून ३ लाख माणसे रोज बाहेर जातात. ११/२४ च्या हिशेबाने १८.६ एमएलडी (दशलक्ष लिटर प्रतिदिन) दुसऱ्या शहराकडे वळवावे लागतील. कार्यालयाच्या ४५ लिटरने १३.५. वर केलेल्या फोडीने घरची खरी घट फक्त ६ एमएलडी. त्या शहराची मूळ गरज १६२ एमएलडी. गळती १५ टक्के, म्हणजे मॅन्युअलच्या मर्यादेत असेल, तर जलकुंभांपाशी १९१ एमएलडी लागतील. गळती ३० टक्के असेल तर २३१. नुसत्या गळतीने ४० एमएलडीचा फरक पडतो आणि प्रवासाने ६ चा. मुंबईचा रोजचा पुरवठा ३,८५० ते ४,००० एमएलडी आहे. त्याचा एक टक्का म्हणजे ३८-४० एमएलडी, जवळजवळ या गळतीच्या फरकाएवढा. ज्या शहराला आपली गळती पाच टक्क्यांच्या अचूकतेने सांगता येत नाही, त्याने प्रवाशांच्या आधारावर वाढीव कोटा मागू नये आणि दुसऱ्यानेही तो देऊ नये.

मग प्रवासाची माहिती हवीच कशाला? ती तीन ठिकाणी उपयोगी पडते: कोणत्या वेळी कुठे पाणी लागते, आठवड्यातल्या कोणत्या दिवशी कुठे उरते, आणि सामाईक योजनेचा खर्च कोणी किती उचलायचा. कोट्याच्या लिटरमध्ये ती फारशी हालचाल घडवत नाही, वेळापत्रकात आणि पैशात घडवते.

माहिती गोळा करताना जनगणनेपासून सुरुवात होते आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. २०११ च्या जनगणनेतला बी-२८ तक्ता 'इतर कामगार' घरापासून किती अंतरावर आणि कोणत्या साधनाने कामाला जातात ते सांगतो: ०-१, २-५, ६-१०, ११-२०, २१-३०, ३१-५०, ५१ किलोमीटर आणि पुढे. पण माणूस कोणत्या शहरात जातो ते त्यात नाही. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले लोकही नाहीत. शिवाय आकडे आता जुने झाले. हा तक्ता फक्त ताळा घेण्यासाठी वापरावा: तुमच्या कोष्टकातून २० किलोमीटरपलीकडे जाणाऱ्यांचे प्रमाण बी-२८ च्या अगदी विरुद्ध येत असेल, तर कुठेतरी चूक आहे. एमएमआरडीएच्या सर्वंकष परिवहन अभ्यासात घरोघरीच्या पाहणीवरून केलेले उगम-गंतव्य कोष्टक (कुठून कुठे किती माणसे जातात याचा तक्ता) असते. त्याचे विभाग वाहतुकीसाठी आखलेले असतात हे मात्र लक्षात ठेवा.

सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे लोकलचे पास. पासावर दोन स्थानके असतात आणि त्यातले एक घराजवळचे. मासिकाबरोबर त्रैमासिक, सहामाही, वार्षिक पासही असतात, म्हणून 'या महिन्यात विकलेले पास' मोजू नका. एखाद्या साध्या मंगळवारी वैध असलेले पास मोजा. रेल्वेच्या प्रसिद्ध आकड्यांतली 'प्रवासी' ही फेऱ्यांची संख्या असते आणि एका मासिक पासामागे ५० फेऱ्या धरलेल्या असतात. ती संख्या माणसे समजून सूत्रात घालणे ही नेहमीची चूक. विद्यार्थ्यांचे सवलतीचे पास वेगळे काढा, कारण त्यांचे पाणी शाळा-महाविद्यालयांच्या खात्यात जाते.

पास जिथे फसवतो तेही माहीत हवे. भाडे अंतराच्या टप्प्यांवर असल्याने त्याच दरात पुढचे स्थानक मिळत असेल तर लोक पुढचेच घेतात. सीएसएमटीचा पास असलेला माणूस मशीदला उतरत असू शकतो. डोंबिवलीचा पास पूर्वेचा की पश्चिमेचा हे कळत नाही आणि तिथे जलकुंभ वेगळे आहेत. त्यासाठी मंगळवार ते गुरुवारपैकी एका दिवशी सकाळी ५ ते ११ पादचारी पुलांवर दोन्ही बाजूंनी माणसे मोजावी लागतात. सोमवार आणि शुक्रवार घेऊ नका, घरून काम करण्याच्या सवयीने ते दिवस हलके झाले आहेत. बस, दुचाकी, कंपनीच्या गाड्या आणि मेट्रो यांची भर निराळी. मोबाइल टॉवरची माहिती घ्यायची तर एकत्रित आकड्यांतच घ्या आणि दहापेक्षा कमी माणसांचे रकाने रिकामे ठेवा. पाणीवाटपासाठी कोणाचाही वैयक्तिक माग लागत नाही.

हे सगळे प्रभागांत नव्हे, जलकुंभांच्या वितरणक्षेत्रांत बसवायचे असते. प्रभागाची हद्द निवडणुकीसाठी आखलेली असते, पाण्याला ती ठाऊक नसते. स्थानकाचे प्रवासी आजूबाजूच्या वितरणक्षेत्रांत वाटताना चालत येणारे, शेअर रिक्षाने येणारे आणि बसने येणारे असे तीन गट करा. मग प्रत्येक क्षेत्रासाठी सकाळी ६, ८, ११, दुपारी ३, संध्याकाळी ७ आणि रात्री १० या वेळांची हजर लोकसंख्या काढा: रहिवासी अधिक आलेले वजा गेलेले. तीन पाळ्यांचे कारखाने आणि रात्रपाळीची आयटी कार्यालये वेगळी लिहा, नाहीतर रात्रीचा ऐरोली भाग निव्वळ निवासी दिसेल.

यातला एक नियम सोडू नये: कोष्टक बंद झाले पाहिजे. सगळ्या शहरांमधून गेलेले आणि सगळ्या शहरांत आलेले यांची बेरीज जुळली पाहिजे. कर्जत-कसाऱ्यापलीकडून, पालघरच्या पुढून आणि पुण्याहून येणाऱ्यांसाठी 'बाहेरचे' अशी एकच ओळ ठेवावी. आज होते काय, की प्रत्येक महापालिका आपल्या मागणीपत्रात फ्लोटिंग (दिवसा येऊन जाणारी) लोकसंख्या मिळवते आणि वजा कोणीच करत नाही. एकच माणूस डोंबिवलीत १३५ लिटरचा आणि मुंबईत ४५ लिटरचा धनी होतो. दोन्ही मागणीपत्रे आपापल्या परीने नियमाप्रमाणे असतात, फक्त धरणात तेवढे पाणी नसते.

यानंतर प्रत्यक्ष मापाशी पडताळा. पहिला मोह जलकुंभाच्या बल्क मीटरवरून (मुख्य नळावरच्या मोठ्या मीटरवरून) ताशी वापर काढण्याचा होतो. आपल्याकडे बहुतेक इमारतींना खाली टाकी आणि वर टाकी आहे. मीटरला दिसते ते तळटाकीच्या बॉल व्हॉल्व्हचे उघडणे, माणसाचा नळ नव्हे. त्यात ठरावीक तासांचाच पुरवठा, म्हणजे पाणी सुटते तेव्हाच 'मागणी' दिसते. म्हणून बल्क मीटरवरून दिवसाचे एकूण पाणी घ्या, तासांचे नको. मीटरची बसवणीही पाहा: विद्युतचुंबकीय मीटरला आधी पाच व्यास आणि नंतर तीन व्यास सरळ नळ लागतो, अल्ट्रासॉनिकला साधारण दहा आणि पाच. पाणी सुटताना नळात हवा असेल तर यांत्रिक मीटर हवेवरच फिरतो, आणि अर्धवट भरलेल्या नळात विद्युतचुंबकीय मीटर भलतेच आकडे देतो.

वापराची खरी वेळ कळते ती मलजल उदंचन केंद्रात, म्हणजे सांडपाणी उपसून पुढे पाठवणाऱ्या पंपघरात. माणसाने पाणी वापरले की ते थोड्याच वेळात तिथे पोहोचते, मग ते पालिकेचे असो, टँकरचे असो की बोअरवेलचे. आवक विहिरीची पातळी आणि पंपांच्या नोंदी यांवरून दर पंधरा मिनिटांचा आलेख काढता येतो. पुरवलेल्या पाण्याच्या ८० टक्के सांडपाणी होते असे मॅन्युअल धरते. कूलिंग टॉवरवाल्या भागात प्रमाण याहून कमी येते आणि त्या फरकावरून कूलिंगचा अंदाजही बांधता येतो. नोव्हेंबर ते मे हेच महिने घ्या, पावसाळ्यात गटारात पावसाचे पाणी शिरते. किनाऱ्याजवळच्या केंद्रांत अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे दिवसही गाळा.

जुन्या नोंदी असतील तर २०२० चा काळ उघडून बघा. त्या मार्चच्या शेवटी लोकल सामान्य प्रवाशांसाठी बंद झाली, १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत सर्वांना खुली झाली, एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध आले आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन लसमात्रा घेतलेल्यांना परवानगी मिळाली. प्रवास असा बंद-चालू होण्याचा प्रयोग कोणी मुद्दाम करू शकला नसता. फक्त टाळेबंदीचे पहिले आठवडे सोडा. तेव्हा कारखानेही बंद होते आणि हात धुण्याचे प्रमाणही वेगळे होते. १ फेब्रुवारी २०२१ च्या आधीचे आणि नंतरचे तीन-तीन आठवडे ताडून पाहणे जास्त भरवशाचे.

हे सगळे झाल्यावर वाटणी. सुरुवात बारवीच्या पाण्यापासून करावी असे माझे मत आहे. बारवी धरणातून सोडलेले पाणी उल्हास नदीतून जांभूळला उचलले जाते आणि एमआयडीसीच्या जाळ्यातून डोंबिवलीकडे, कळवा-मुंब्रा-दिव्याकडे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या ऐरोली-महापेच्या कारखान्यांना व आयटी पार्कना जाते. म्हणजे नोकरदाराचे घर आणि कार्यालय दोन्ही एकाच यंत्रणेवर. दुसऱ्या शहराच्या नळाला नवा जोड न देता, फक्त व्हॉल्व्हच्या वेळा बदलून इथे अदलाबदल करता येते. मुंबईच्या जाळ्यावरही ठाणे, भिवंडीला पाणी जाते, पण तिथे दोन महापालिकांचे करार मध्ये येतात.

वेळापत्रक असे बसते. निवासी क्षेत्राचा जलकुंभ पहाटे साडेचारला पूर्ण भरलेला हवा आणि वितरण पाच ते साडेआठ. सहा-सातच्या गाड्या पकडणाऱ्या वस्तीत नऊला पाणी सोडले, तर तळटाकी असलेल्या सोसायटीला फरक पडत नाही. चाळीत आणि बैठ्या घरांत मात्र पाणी भरायला कोणी नसते. कार्यालयीन क्षेत्राचा जलकुंभ साडेनऊला भरलेला पुरतो. म्हणजे मुख्य जलवाहिनी रात्री अकरा ते साडेचार निवासी बाजूला जास्त वाहू द्यायची, पाच ते साडेनऊ कार्यालयीन बाजूला, आणि दुपारी अकरा ते चार पुन्हा निवासी जलकुंभ संध्याकाळसाठी भरायचे. साठवण किती लागेल ते आवक आणि वापर यांचे संचयी आलेख मांडून काढा: सर्वांत मोठी शिल्लक आणि सर्वांत मोठी तूट यांची बेरीज. प्रवासामुळे सकाळचा वापर अरुंद वेळेत दाटतो, त्यामुळे निवासी उपनगरात हा आकडा मॅन्युअलमधल्या गुणकावरून काढलेल्या आकड्यापेक्षा मोठा येतो.

प्रत्यक्षात बिघडते ते व्हॉल्व्हपाशी. साधा स्लुइस व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवून प्रवाह आवरू नका. त्याची झडप थरथरते, बैठक झिजते आणि काही महिन्यांत तो पूर्ण बंदच होत नाही. यासाठी प्रवाह नियंत्रक व्हॉल्व्ह बसवावा. मोठ्या व्यासाचा व्हॉल्व्ह झटकन बंद केला तर पाण्याचा धक्का बसून जोड निसटतात. आणि चावीवाल्याच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या कामगाराच्या) पाळीची वेळ बदलल्याशिवाय कागदावरचे वेळापत्रक बदलत नाही, हे बैठकीत कोणी बोलत नाही.

आठवड्याच्या सुट्टीची अदलाबदल ही यातली सर्वांत सोपी आणि भांडण न लावणारी वाटणी. रविवारी कार्यालयीन क्षेत्राचा वापर पडतो आणि निवासी शहरात कपडे, लादी, पाहुणे मिळून वाढतो. आठ आठवड्यांचे मंगळवार ते गुरुवार एका बाजूला, रविवार दुसऱ्या बाजूला ठेवून फरक काढा. गणपती, दिवाळी, अतिवृष्टीचे दिवस वगळा. या फरकाच्या ७० टक्केच वळवा, बाकी ठेवा. कार्यालयीन जलकुंभ रविवारी कमी पातळीवर ठेवल्याने दुसराही फायदा होतो: दोन दिवस साचून राहिलेल्या पाण्यातला क्लोरिन उतरतो, तो प्रश्न कमी होतो. तरी सोमवारी सकाळी टोकाच्या नळावर ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर उर्वरित क्लोरिन आहे का, ते तपासाच. औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी आणि आयटीची शनिवार-रविवारी असते, म्हणून तिथे दोन वेगळे फरक काढावे लागतात.

याच्याच उलट बाजूला शटडाऊन आहे. दुरुस्तीसाठी पाणी गुरुवारी मध्यरात्रीपासून शुक्रवारी मध्यरात्रीपर्यंत बंद ठेवण्याची पद्धत या पट्ट्यात रुळली आहे. कारखान्यांच्या सोयीने ती बरोबर आहे. पण बंद केलेली जाळी पुन्हा पूर्ण दाबाने भरायला २४ ते ४८ तास लागतात, आणि कमी दाबाचे ते दोन दिवस नेमके शनिवार-रविवार येतात, सगळे घरी असताना. निवासी टोकासाठी सोमवारी रात्री ते मंगळवारी रात्री बंद ठेवणे कमी त्रासाचे. उद्योग तक्रार करतील. तेव्हा दोन शाखांचे शटडाऊन वेगवेगळ्या दिवशी घेता येतात का, ते व्हॉल्व्हच्या नकाशावर पाहा.

टंचाईच्या काळात सरसकट टक्केवारी लावली जाते. २०२४ मध्ये मुंबईत ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात झाली, आणि ती मुंबई महापालिका ठाणे, भिवंडीला देते त्या पाण्यालाही लागू होती. दोन्हीकडे दरडोई पुरवठा सारखा असेल तर हे न्याय्य. १५० मिळणाऱ्याचे १३५ होतात, पण १०० मिळणाऱ्याचे ९० होतात, आणि त्याच ९० वाल्याची कार्यालयातही कपात झालेली असते. करारात तळरेषा लिहा: रहिवाशाला दरडोई १०० लिटर पोहोचेपर्यंत कपात नाही, त्यावरच्या पाण्यावर टक्केवारी. प्रवासाचे कोष्टक इथे एवढ्यापुरते वापरायचे, की कार्यालयीन क्षेत्राची कपात आधी कूलिंग, बागा आणि गाड्या धुण्यावर पडावी, स्वच्छतागृहांवर नाही.

पैशाचा भाग राहिला. व्यापारी आणि कार्यालयीन जोडण्यांचा दर घरगुती दरापेक्षा चढा असतो. कामाचे शहर नोकरदाराच्या वीस-पंचवीस लिटरवर कमावते आणि राहण्याचे शहर त्याच्या शंभरावर लिटरवर तोटा सोसते. म्हणून नव्या सामाईक योजनेत लिटरची वाटणी रहिवाशांवर करावी आणि भांडवली खर्चाचा काही भाग कोष्टकातल्या आवक नोकरदारांच्या प्रमाणात कामाच्या शहरावर टाकावा. सूर्या प्रादेशिक योजनेचे ४०३ एमएलडी वसई-विरारला १८५ आणि मीरा-भाईंदरला २१८ असे ठरले. ही दोन्ही शहरे पश्चिम मार्गावरच्या गाड्या भरून देणारी. अशा योजनेत खर्चाची वाटणी आराखड्याच्या टप्प्यावरच बसवावी लागते, नळ टाकल्यावर कोणी पैसे देत नाही. हे कोष्टक दर तीन वर्षांनी नवे करावे, आणि मध्ये नवी मेट्रो किंवा मोठा आयटी पार्क सुरू झाला तर सहा महिन्यांनी. मीटरवरून वाद झाला तर दोन्ही शहरांचे मीटर एकाच नळावर मागेपुढे बसवून महिनाभर ताडावेत आणि तोवर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याची सरासरी धरावी, असे कलम करारात आधीच घाला.

आणि एक ओळ कोष्टकात न विसरता ठेवा: शहापूर तालुका. भातसा, तानसा, मोडकसागर इथलेच, उन्हाळ्यात टँकरही इथेच, आणि आसनगाव-कसाऱ्याहून रोज मुंबईला जाणारे नोकरदारही इथलेच. या तालुक्याला महापालिका नाही, त्यामुळे वाटणीच्या बैठकीत त्याची खुर्ची नसते. तिथल्या गावांच्या नळपाणी योजनांची गरज वाटणीच्या वरच्या ओळीत, कोणाच्याही कोट्याआधी वजा करून ठेवा. महानगराच्या एकूण आकड्यात ती दशांश चिन्हानंतरच दिसते.